गुरूच्या नावाला न उठलेला हात

तो सोमवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नव्वदच्या दशकाची अखेर, मार्च महिना, सकाळचे साडेनऊ. दौंड तालुक्यातलं एक ठाणं. हजर: मी (तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक), ठाणे अंमलदार, माझा रायटर, एक शिपाई. दुसरा शिपाई समन्स बजावायला गेला होता. बाकावर मांडवगण फराट्याकडून आलेले दोघं. एक सत्तरीचे आबा, धनगरी ओव्या गाणारे. दुसरा चाळिशीचा झीलकरी, म्हणजे आबांनी सोडलेली ओळ मागून उचलून धरणारा.

आबांच्या गळ्याला त्या उन्हातही मफलर होता. ते एक शब्द बोलले नाहीत. बोलत होता झीलकरी.

"सायेब, आमच्या टेपा दाबल्यात."

हकिकत अशी निघाली. पुण्यातली एक संस्था लोककलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी अनुदान द्यायची. यवतचा एक गृहस्थ संयोजक म्हणून मंडळांचे अर्ज भरून द्यायचा. त्याने आबांच्या मंडळाला यवतच्या एका खोलीत बसवून दोन दिवस गाऊन घेतलं. अख्खी कथा, नमनापासून शेवटपर्यंत, तीन टेपांवर. महिन्याने सांगितलं की अर्ज नामंजूर झाला, टेपा खराब निघाल्या, टाकून दिल्या.

"तुमची हद्द शिरूरची. इकडे कसे?"

"गाणं यवतला झालं म्हनून नदी वलांडून आलो. सायेब, शनवारी आबांचं आप्रेशन हाय. गळ्यात गाठ हाय. डागदर म्हनले, आवाज ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई. आताबी बोलू देत न्हाईत."

"मग तुम्ही गा की ती कथा."

"मी झील धरनारा. सुरवात येती, शेवट येतो. मधलं आबांच्याच तोंडी. त्ये टेपवर हाय. दुसरं कुठंबी न्हाई."

मी कागदावर लिहिलं: शनिवार. खाली दोन रेघा मारल्या. पाच दिवस. त्याच आठवड्यात मंत्र्यांचा दौरा होता, रेल्वे कॉलनीतल्या घरफोडीचा तपास होता. मला एका जागी बसवत नव्हतं.

बुधवारी खबर आली. दौंड स्टेशनबाहेर कॅसेटचा गाडा लावणारा एक जण मला अधूनमधून माहिती द्यायचा; त्याच्या कानावर मी ही हकिकत घालून ठेवली होती. "साहेब, नवी कॅसेट आलीय. त्या संस्थेचं नाव छापलंय. वर मंडळ दुसऱ्याच गावाचं, पण आवाज मांडवगणच्या आबांचा. जत्रेत रात्ररात्र ऐकलाय मी, चुकायचा नाही."

कॅसेट घेतली. दुपारी संयोजकाला आणलं. कॅसेटवर नाव असलेल्या मंडळाच्या म्होरक्यालाही बोलावलं. तो पन्नाशीचा, आमच्याच तालुक्यातला. त्याला सगळे आप्पा म्हणत. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

संयोजक फाईल घेऊनच आला होता. माझा अनुभव असा की, विचारण्याआधी कागद पुढे करणाऱ्याला कागदाबाहेरचं काहीतरी झाकायचं असतं.

"साहेब, नियम वाचा. अनुदान नोंदणी असलेल्या मंडळालाच मिळतं. आप्पांची नोंदणी आहे, आबांची नाही. मी काय करणार?"

"आवाज कोणाचा?"

"आप्पांचाच. ओव्या काय, बाहेरच्या माणसाला सगळ्या सारख्याच."

आप्पांनी खाली बघत तेच सांगितलं.

मला वाटलं, उपाय सोपा आहे. दोघांनाही गायला लावावं. तसं म्हणालो, तर झीलकरी उठून उभाच राहिला. "आबांना गायला लावता? मग शनवारी डागदराकडं कशाला न्यायचं? हितंच कापा की गळा!" अंमलदार त्याच्यावर ओरडला. मी अंमलदाराला थांबवलं. झीलकऱ्याचं बरोबर होतं आणि मला ते आधी सुचायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. टेपरेकॉर्डर टेबलावर. चहा मागवला आणि कॅसेट लावली. मला गाण्याचा कान नाही, म्हणून मी गाणं ऐकत नव्हतो, माणसं बघत होतो.

नमन सुरू झालं. देवांची नावं झाली, मग गुरूचं नाव आलं. आबांचा हात आपोआप वर गेला आणि बोट कानाच्या पाळीला लागलं. झीलकऱ्याचंही तसंच. गुरूचं नाव आलं की हे लोक पाळीला हात लावतात. जत्रेच्या बंदोबस्तात मी हे अनेकदा पाहिलं होतं. आप्पांचे हात मात्र गुडघ्यांवर होते.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा आप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"आप्पा, तुमच्याच नमनात तुमच्या गुरूचं नाव आलं. हात उचलला नाही तुम्ही."

"ध्यानात राहिलं नसेल त्यांच्या," संयोजक म्हणाला.

"तू गप रं," आप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सायेब, अर्जावर सही केली. खोटंबी बोललो. पन दुसऱ्याच्या गुरूला पाळीला बोट लावलं, म्हंजी मी माझा गुरू सोडला. त्ये काय माज्यानं व्हनार न्हाई."

झीलकरी फिस्कन हसला. "आवं आप्पा, चोरायचंच व्हतं तर नमन तरी सोताचं घालायचं की!"

"म्हनलो व्हतो ह्याला, नमन काप. तर म्हनला, कापलं तर तासाची कॅसेट भरत न्हाई, अन् दुसऱ्या टेपचा तुकडा जोडायला पैसं पडत्यात. तासाची अट संस्थेची हाय."

रायटरलासुद्धा हसू आवरलं नाही. आबा हसले नाहीत. त्यांनी आपला चहाचा पेला आप्पांपुढे सरकवला. आप्पांनी तो घेतला, पण प्यायला त्यांना वेळ लागला.

तासाभरात संयोजकाने टेपा कुठे आहेत ते सांगितलं. यवतच्या खोलीवर पंच घेऊन गेलो. तीन टेपा मिळाल्या. एकीवर वरातीचा बँड भरलेला होता. दोन शाबूत होत्या आणि कथेचा मधला भाग त्या दोहोंतच होता; बाजारातल्या कॅसेटवर फक्त सुरुवातीचा तास होता. पंचनामा केला, कापडात गुंडाळून लाखेचं सील लावलं, पंचांच्या सह्या घेतल्या. दुपारचे चार.

आमच्यासोबत आलेला झीलकरी खोलीच्या दारात उभा होता. "सायेब, दोन तास द्या. दुसऱ्या टेपवर भरून घेतो. आबा हायेत तवर, कुठं अडलं तर खुनेनं तरी सांगतील."

"सील झालं. आता कोर्टात अर्ज करा."

नियमाने ते बरोबर होतं. पण परतताना जीपमध्ये लक्षात आलं की सील लावण्याआधी पंचांसमोर नक्कल करता आली असती. पंचनाम्यात एक ओळ वाढली असती, इतकंच. मला घाई होती. संध्याकाळी दौऱ्याची बैठक होती.

शनिवारी ऑपरेशन झालं. आबा वाचले, आवाज गेला. जूनमध्ये माझी बदली झाली. पुढे संस्थेने अनुदान परत घेतलं, खटला काही वर्षांनी आपसात मिटला. कागदोपत्री माझा तपास चांगला ठरला. आरोपी सापडला, मुद्देमाल मिळाला, कबुली मिळाली.

यातून काय शिकलो, असं नवे अधिकारी विचारतात तेव्हा मी सांगतो: फिर्याद लिहून घेताना गुन्हा कोणता हे तर विचाराच, पण या माणसाला काय परत हवं आहे तेही विचारा आणि त्याच्यासाठी वेळ काढून ठेवा. मी पहिलं नीट विचारलं. दुसरं मला सोमवारी साडेनऊलाच सांगितलं गेलं होतं.

आबा आता नाहीत. निवृत्तीनंतर कोर्टात चौकशी केली. मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये ते पार्सल अजून आहे. परत मागणारा अर्ज कोणी केला नाही, म्हणून त्याच्या विल्हेवाटीचा आदेश कधी झालाच नाही. टेप इतकी वर्षं टिकली असेल की नाही, ते सील फोडल्याशिवाय कळणार नाही. परत मिळण्याचा अर्ज मी टाईप करून ठेवला आहे. त्याखाली सही माझी चालत नाही, झीलकऱ्याची लागते. तो आहे, मांडवगणलाच आहे, एवढं समजलं आहे. गाडीने दीड तासाचं अंतर.

दोनदा निघालो आणि नदीच्या पुलावरून परत आलो. सही तो लगेच देईल. पण सही करण्याआधी तो एकच प्रश्न विचारेल, तेव्हा दोन तास का दिले नाहीत, आणि त्याचं उत्तर मला अजून लिहून काढता आलेलं नाही. अर्जावर तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.