हात जड पडतील म्हणून…

मागच्या रविवारी सकाळी लोहाऱ्यात आमच्या दारापुढं जीप थांबली आणि नात ऋतुजा उतरली. पाठीवर बॅग आणि दोन्ही हातांत डंबेल्स… लोखंडी, पाच-पाच किलोचे. सुट्टीतही व्यायाम चुकवायचा नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

ऋतुजा धाराशिवला कॉलेजात आहे, तिथंच बॉक्सिंग शिकते. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. ते लोखंड बघितलं आणि मी ओट्यावरून उठलोच.

म्हटलं, "बाई, हे उचलू नकोस. बॉक्सरचे हात जड पडतात." ती हसली. "आबा, आता सगळेच उचलतात. वजन झालं की लगेच हात सैल सोडून हवेत ठोसे मारायचे… काही जड पडत नाहीत."

मला पटलं नाही. माझा स्वभावच काळजीचा. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. एकदा तर डंबेल्स कडब्याखाली लपवून ठेवले… तिनं पाच मिनिटांत शोधून काढले.

एवढी भीती कशाची, ते सांगतो. मी सातवी नापास माणूस, पण बॉक्सिंग खेळलेला आहे.

बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी आणि माझी बायको कौसल्या, दोघंही तिथं कामाला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

गावातल्या सोसायटीच्या गोदामावर एक रिटायर हवालदार पहारेकरी होते, पलटणीत बॉक्सिंग खेळलेले. गोदाम त्या साली रिकामंच… तिथं ते संध्याकाळी मला आणि तलावावरच कामाला असलेल्या माझ्या मित्राला, सुखदेवला, शिकवायचे. दोघांत ग्लोव्हजचा एकच जोड. एकानं मारायचं, दुसऱ्यानं भुशाचं पोतं धरून उभं राहायचं.

जिल्ह्याला बॉक्सिंगची निवड व्हायची होती. जिंकणाऱ्याला पलटणीत घेतील, असं हवालदार सांगायचे. मला तर झोपेतही पलटणीची गाडी दिसायची… हवालदारांचा धाक एकच, वजन उचलायचं नाही. "खांदा भरला की ठोसा उशिरा सुटतो," म्हणायचे.

आता तलावाच्या कामावर वजन उचलल्याशिवाय कसं भागणार? मग मी नुसती कुदळ मारायचो आणि माझ्या वाटणीची घमेलीही कौसल्या वाहायची. दगड, मुरूम, सगळं तिच्याच डोक्यावर.

मुकादम टोचून बोलायचा, "काय रं पैलवान, बायकोचा बैल केलास व्हय?" मी खाली मान घालायचो. तीच भरलं घमेलं डोक्यावर घेऊन जाता जाता म्हणायची, "असू द्या मुकादम, आमच्या मालकाचे हात देव्हाऱ्यात ठेवल्यात." बाया हसायच्या… मीही हसायचो.

निवडीच्या आठ दिवस आधी तिला उन्हात भोवळ आली. तिला बाभळीखाली बसवलं आणि त्या दिवशीची घमेली मी वाहिली. एकच दिवस… पण सारखा खांदा चाचपून बघत होतो.

निवडीत शेवटी माझी गाठ सुखदेवशीच पडली. मी हरलो. तो पलटणीत गेला, मी परत तलावावर.

घरी आल्यावर कौसल्यानं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "तुझ्यापायी एक दिवस दगड उचलले, म्हणून हात उठले नाहीत."

तिनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि माझे खांदे शेकत बसली.

पन्नास वर्षं मी हेच खरं धरून चाललो. म्हणून ते डंबेल्स बघवेनात. शेवटी बुधवारी न राहवून सुखदेवला फोन लावला. तो आता ईट गावी लेकीजवळ राहतो. म्हटलं, पोरीला तू तरी समजावून सांग.

तो खो खो हसला. "अरं, म्या तर निवडीच्या आदल्या दिवसापर्यंत घमेली वाहिली. माझ्या वाटणीची वाहायला माझ्याकडं कोण व्हतं? हवालदाराला सांगितलंच न्हाई, एवढंच."

"मग माझे हात का उठले न्हाईत?"

"हात लई चांगले उठत व्हते तुझे. पण एक ठोसा मारला की तू हवालदाराकडं बघायचास… बरोबर बसला का म्हणून. तेवढ्यात मी मारायचो."

मी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसलो. खरं आहे त्याचं. मी अजूनही तसाच बघतो… सगळ्यांकडं.

सांगायला धावत घरात जावं, तर कौसल्या नाही. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

निवडीच्या त्या दिवसानंतर तिनं मला घरात कधी वजन उचलू दिलं नाही. ज्वारीचं पोतं असो की पाण्याची घागर, मी वाकलो की पुढं यायची… "राहू द्या, हात जड पडतील." तिचे गुडघे गेले तरी म्हणायची. ती थट्टा होती की माझं बोलणं तिनं मनाला लावून घेतलं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

गुरुवारी ऋतुजाला म्हटलं, उचल बाई वजनं. फक्त ठोसा मारल्यावर कुणाकडं बघू नकोस. ती "बरं आबा" म्हणाली आणि उचलायला लागली.

तेवढ्यात नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. ऋतुजा हातातलं ठेवून उठत होती, मी तिला बसवलं आणि घागर भरून खांद्यावर घेतली. नळापासून घरापर्यंत दोनदा थांबावं लागलं… कौसल्या कधी थांबलेली मला आठवत नाही.