दाजींना बटणाची भीती

साप, विंचू, कडाडणारी वीज यांना भिणारी माणसं आमच्या परभणीत पुष्कळ सापडतील. पण बटणाला भिणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. दाजी वेबसाइट बनवतात. लोकांना स्क्रीनवर जे जे दिसतं ते सगळं यांच्या हातचं, पण यांना स्वतःला त्यात फक्त संकटं दिसतात. फिक्या अक्षरांची तर इतकी धास्ती, की मे महिन्याच्या भर दुपारी मोबाइल घेऊन गच्चीवर जातात आणि उन्हात वाचता येतंय का ते बघतात. वाटेत रेंज जाते म्हणून एकदा मुद्दाम रेल्वेने पूर्णेला जाऊन आले, पान किती रखडतं ते बघायला. ताई कणीक मळायला बसली की तिच्यापुढे मोबाइल धरतात. "अंगठ्यानं दाब. शेजारचं तर दबायलं न्हाई ना?" ताई म्हणते, "पोळ्या करू द्या आता, लय झालं."

गावातल्या काही तरुणांनी त्यांच्याकडून रक्तदात्यांची वेबसाइट करून घेतली. त्यांना हलती चित्रं हवी होती. दाजींनी एकच मोठं बटण ठेवलं आणि त्यावर लिहिलं, 'रक्त हवे आहे'. "घाबरलेल्या माणसाला चित्रं कळत न्हाईत," म्हणाले. मी हसलो होतो.

मग बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. दाजी कामासाठी सेलूला गेलेले. डॉक्टर म्हणाले, या गटाचं रक्त शिल्लक नाही, ताबडतोब देणारा आणा. मी मोबाइलवर दाजींनी केलेली तीच वेबसाइट उघडली. रक्तगट निवडला, बटण दाबलं. काहीच झालं नाही असं वाटून पुन्हा दाबलं. मग अक्षरं उमटली, 'निरोप पोचला. फोन जवळ ठेवा.' थोड्या वेळाने एक अनोळखी शिक्षिका स्कूटीवरून आल्या. बाबा वाचले.

संध्याकाळी दाजी धावत आले. मी घडलेलं सगळं सांगितलं. ऐकून खूश होतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहराच उतरला.

"दोनदा दाबलास? म्हंजे पहिल्यांदा तुला कळलंच न्हाई."

"दाजी, बाबा बरे आहेत."

"व्हय रे. पण तेवढा वेळ तू भ्यालास ना."

तिथेच बाकावर त्यांनी लॅपटॉप उघडला. आता बटणाला बोट लागताच अक्षरं येतात, 'निरोप पाठवत आहोत, थांबा.' तरी दाजींच्या मनात कुणीतरी अनोळखी माणूस दवाखान्याच्या जिन्यात मोबाइल धरून एकटाच उभा असतो. तो आपल्याला कधी भेटणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही ते रोज त्याच्या वाटचं भिऊन घेतात.