मिक्सरचा सूर उतरला की

"तुझ्याकडे सगळ्याचा बॅकअप असतो," नवरा म्हणाला. "मग आईचा आवाजही असेलच की कुठेतरी."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण ऊठसूट मोबाइलवर रेकॉर्डिंग करायची सवय लागायच्या आधीच त्या गेल्या. त्यांचा आवाज कुठे असेल ते मला ठाऊक होतं. तरी उठवेना. जुन्या गाण्याचा प्रोजेक्ट उघडायचा म्हणजे आधी अर्धा दिवस सॉफ्टवेअरची मनधरणी. या वयात ती नवऱ्याचीसुद्धा करवत नाही.

सासूबाई होत्या तेव्हा आम्ही वारज्यात नवीनच राहायला आलो होतो. आयटीतली नोकरी सोडून मी घरीच बालनाट्यांना संगीत द्यायचे. बेडरूममधला कॉम्प्युटर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून कपाटावर सोडलेल्या गोधड्या, एवढाच माझा स्टुडिओ. गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे बाकीचे वारही गुरुवारसारखेच वागत. यूपीएस होता, नावाला.

लाइट जाण्याआधी व्होल्टेज उतरायचं. हेडफोन लावलेल्या मला त्याचा पत्ता नसे. स्वयंपाकघरात सासूबाईंना मात्र लगेच कळे. मिक्सरचा सूर उतरला की त्या तिथूनच ओरडत, "अगं, सेव्ह कर!" त्यांना कॉम्प्युटर साधा सुरूही करता येत नव्हता, पण त्यांच्या ओरडण्यामुळे माझी कितीतरी गाणी वाचली.

एकदा मी माइकसमोर गात असतानाच त्या ओरडल्या. कधी नव्हे ती मनासारखी लागलेली ओळ, तिचा शेवटचा सूर त्यात बुडाला. वर लाइट गेलेच नाहीत. मी भडकले. "अहो आई, रेकॉर्डिंग चाललंय!"

हात पदराला पुसत त्या दारात आल्या. "मग माझा आवाज काढून टाक. गाणंच गेलं असतं तर काय काढलं असतंस?"

मी तो काढून टाकला. तेवढ्या जागेत बासरी भरली.

पण या सॉफ्टवेअरमध्ये कापलेला भाग खरा जात नाही, नुसता झाकला जातो. तुकड्याची कड ओढली की पुन्हा बाहेर येतो. त्याच भरवशावर शेवटी मी जुनी डिस्क शोधून ते गाणं उघडलं. नवरा खुर्ची ओढून शेजारी बसला. मी कड ओढली. काही आलं नाही. दुसऱ्या बाजूने ओढली. तिथेही काही नाही.

मग आठवलं. नाटक उभं राहिलं की सीडीवर बॅकअप घेण्याआधी मी पसारा आवरायचे. वापरात नसलेले आवाज पुसून टाकू का, असं सॉफ्टवेअर विचारायचं आणि मी हो म्हणायचे. सीडीत जागा होती कितीशी! गाणं मी तीन ठिकाणी जपलं होतं. सासूबाई त्यातल्या एकाही ठिकाणी नव्हत्या. मला रडू आलं नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लाव तरी."

गाणं लावलं. माझी ओळ संपत आली, बासरी सुरू झाली आणि तो ओरडला, "अगं, सेव्ह कर!" अगदी त्यांच्यासारखा, शेवटी आवाज चढवून.

गाण्यात काहीच बदललेलं नव्हतं. तरी मी सेव्ह केलं.