गाडीतळावरची राखलेली जागा

भुताखेतांवर माझा तिळमात्र विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. पडक्या विहिरीजवळून जाताना मी मुद्दाम शीळ घालतो... आजवर आतून कुणी साथ दिलेली नाही! पण जळगावात, बाजारच्या दिवशी, टळटळीत उन्हात, चारचौघांदेखत जे घडले ते ऐका.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. गावात नव्या इमारती धडाधड उठत होत्या. मी नगरपालिकेत ओव्हरसियर. नियम असा, की नव्या इमारतीत जितकी दुकाने, तितक्या बैलगाड्या सुटतील एवढे आवार मालकाने मोकळे सोडायचे. एका शेटजींनी दुकाने वाढवली आणि आवार आक्रसले. मी म्हटले, "शेटजी, बाजारच्या दिवशी गाड्या आत घेऊन दाखवा. शेवटची मावली नाही, तर कोपऱ्यातले दुकान पाडायचे."

गाड्या आल्या, बैल सुटले. शेवटची गाडी फाटकात उभी, आणि आत नेमकी एकीपुरती जागा. पण त्या जागेत कडब्याची पेंढी! मागून येणाऱ्या सोबत्यासाठी आमचे गाडीवान अशी जागा राखतात. तिथे मग दुसरा कुणी गाडी घालत नाही.

पेंढी होती शेजारच्या गाडीवाल्या नानांची. पाचोऱ्याकडचे म्हातारे गृहस्थ, एकटेच आलेले.

"नाना, ही जागा कुणासाठी?"

"मन्हा भाऊ मांगे ई ऱ्हायना, साहेब." म्हणजे भाऊ मागून येत होता.

पलीकडचा गाडीवान माझ्या कानाशी लागला, "भाऊ कुठला, साहेब? गिरणेच्या पुरात गेला तो, गाडीबैलांसकट. नाना तरी दर बाजारी पेंढी ठेवतात. आम्ही कुणी बोलत नाही."

शेटजींनी ते ऐकलेच. "वा! मेलेल्यालाबी गाडी लावायला जागा? उचला साहेब ती पेंढी!"

 नाना माझ्याकडे बघत राहिले.

नियम तो नियम. मी वाकून पेंढी उचलली... आणि ती ओढली गेली. हिसका नव्हे — जनावर तोंडाने ओढते तशी, सावकाश, हक्काने. मीही ओढली. तिकडूनही ओढ आली! मनगटावर ऊन श्वास लागला. समोर तर कोरडी माती.

"साहेब, चाऱ्याशी कुस्ती खेळता का?" शेटजी खदखदले.

नाना हळूच म्हणाले, "सोडा साहेब. भाऊना बैल शे. भूक लागेल शे त्याले."

भावाचा बैल, भुकेला! मी सोडली. पेंढी जमिनीवर पडली. तिची वरची पाने ओली होती, चावलेली.

आता शेटजी, फाटकातला गाडीवान, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. जागा रिकामी म्हणावी, तर शेटजी पास. मी घसा साफ केला आणि नाटकातल्या राजासारखा हात उंचावून म्हणालो, "जागा भरलेली आहे. शेवटची गाडी मावत नाही. दुकान पाडा!"

शेटजींचे हसू तिथेच थिजले.

संध्याकाळी आवार ओस पडले. नानांनी गाडी जुंपली आणि फाटकाबाहेर जाऊन थांबवली. मागे वळून, आपल्या माणसाला म्हणावे तसे ते म्हणाले, "चाल रे."

मागे कुणीच नव्हते. तो आवाज मात्र इतका एकटा होता, की मी पुढे होऊन फाटक धरून ठेवले. एक गाडी निवांत बाहेर पडेल इतका वेळ. मग नाना निघाले.

तिथे काय होते, मला आजही सांगता येत नाही. फाटक लोटायला मला घाई करवली नाही, एवढे खरे.