गिरजाच्या देवळीतला देव

माझ्या नवऱ्याला हे कळलं नाही, तो गेला. मुलींना आजही माहीत नाही. प्रार्थनेतसुद्धा मी कधी सरळ नाव घेऊन बोलले नाही — "तरुणपणच्या चुकांची क्षमा कर" एवढं म्हणून पुढं सरकायचं. तुम्हाला सांगते आहे ते पहिल्यांदाच. आणि आधीच एक कबूल करते — ती फेरी आठवली की मला आजही आधी आनंद होतो. लाज मागून येते. असं का व्हावं?

मी सोळा वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं. मिशनच्या बोर्डिंगात शिकत होते. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर झोपायचं. नाताळ झाला की साळवे मास्तर — आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक — थोरल्या मुलींपैकी चौघींना घेऊन खेड्यांवर सुवार्ता सांगायला जायचे. त्या वर्षी चौघींची नावं वाचली आणि त्यात माझं! मी ट्रंकेतली पातळं दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत घडी करून ठेवली. काहीच घ्यायचं नव्हतं, पण हात थांबत नव्हते.

वसमतला आगगाडीतून उतरलो. पुढं दोन बैलगाड्या. एकीत तंबू, बाजाची पेटी, औषधं आणि मास्तरीणबाई, दुसरीत आम्ही. दोन्ही अंगाला डोक्याच्या वर गेलेला जोंधळा, हुरड्यावर आलेला. चढ लागला की आम्ही धडाधड उड्या मारून गाडीच्या पुढं पळायचो — बोर्डिंगात कधी पळायला मिळतं? मार्था गायची. ती आमच्यात सगळ्यात हुशार आणि तिचा आवाज असा की औत हाकणारा माणूस बैल थांबवायचा. मी खंजिरी वाजवायची. आपण लोकांना काहीतरी फार मोठं द्यायला निघालो आहोत, आणि ते आपल्याच पिशवीत आहे — सोळाव्या वर्षी याहून मोठी नशा कोणती?

गाव औंढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही. गावाचा काही दोष नव्हता. पंचवीस-तीस घरं, बहुतेक मेंढरंवाल्यांची. आम्ही लिंबाखाली तंबू ठोकला, आणि चित्रांची मोठी गुंडाळी फांदीला टांगली. दुपारपर्यंत सगळं गाव जमलं. मार्थानं आंधळ्याला दृष्टी दिल्याची गोष्ट सांगितली. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. मग माझी पाळी. माझं चित्र उत्तम मेंढपाळाचं — प्रभू येशू, आणि त्याच्या हातावर कोकरू. किती वेळा घोकलं होतं मी ते! मी सुरुवात केली, रंगात आले, आणि पुढं बसलेली एक बाई एकदम म्हणाली, "ताई, ह्यो माणूस चुकून राहिला बघा. एका हातावर असं लोंबतं धरलं तर कोकराच्या बरगड्या दुखतेत. पाय धरून खांद्यावर घ्यावं."

सगळं गाव हसलं. मास्तर हसले. मार्थासुद्धा. त्या बाईनं कुचेष्टा केली नव्हती हो — तिला खरंच त्या कोकराची काळजी वाटली होती! पण माझे कान तापले. पुढचं सगळं विसरले मी.

ती गिरजा. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. सभा मोडल्यावर तीच माझ्याकडं आली. तिच्या दोन वर्षांच्या मुलीचे डोळे आले होते, पापण्या पुवानं चिकटल्या होत्या. मास्तरीणबाईंनी मला बोरिकचं पाणी आणि कापूस दिला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी गिरजाच्या घरी जाऊन ते डोळे धूत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी लेकरानं दोन्ही डोळे उघडून माझ्याकडं टकामका पाहिलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! गिरजा तर हसत होती आणि रडत होती. तिनं भिंतीतल्या देवळीतून भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि माझ्या कपाळाला लावली. "आमच्या खंडोबाला सांगितलंय मी, ह्या ताईला सुखात ठेव म्हून."

मी लावू दिलं. नंतर ओट्यावर जाऊन पदरानं पुसलं.

मग तिनं तो देव मला दाखवला. टाक म्हणतात त्याला — चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवलेला घोड्यावरचा खंडोबा, तळहातात मावेल एवढा. पिढ्यान्‌पिढ्या पुजून नाक-डोळे झिजून गेलेले. तिच्या सासूच्या सासूपासूनचा. तिनं तो परत देवळीत ठेवला आणि म्हणाली, "बसा, दूध आणते. बिनदुधाचं धाडीन का तुमाला?" आणि शेळीकडं गेली.

सांगते. थांबा, सांगते.

बोर्डिंगला परतल्यावर रविवारी भर मंडळीत प्रत्येकीनं साक्ष द्यायची असे — फेरीत देवानं काय केलं ते. मार्थापाशी सांगायला खूप होतं. माझ्यापाशी काय होतं? एक कोकरू आणि सगळ्या गावाचं हसणं. हे सगळं मी त्या वेळी विचार करून ठरवलं का? नाही. मी उठले, टाक उचलला आणि कमरेला खोचला. एवढंच. गिरजा दूध घेऊन आली. मी ते प्यायले. गोड होतं, तिनं गूळ घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरत होता. मी ओढ्यावर भांडी घासत होते. गिरजा आली, हातात फडक्यात बांधलेला हुरडा, आम्हाला वाटेत खायला. तिचे डोळे सुजले होते. हळूच म्हणाली, "ताई, आमचा देव देवळीत न्हाई. तुमाला कुठं दिसला का?"

टाक माझ्या कमरेलाच होता. हात घालायचा अवकाश होता. मी तिच्याकडं बघून म्हणाले, "न्हाई."

तिच्याच बोलीत म्हणाले. आणि तिनं काय करावं? तोंडावर हात ठेवला आणि मलाच म्हणाली, "इचारलं म्हून राग मानू नका. तुमी देवाची माणसं, तुमी कशाला हात लावताल? सासू लई बोलून राहिली, म्हून जीव घाबरला." हुरडा माझ्या पदरात घालून ती गेली.

रविवारी मी मिशनच्या देवळात, सगळ्या मंडळीपुढं उभी राहिले. खरं सांगते, त्या दिवशी मी मार्थापेक्षा चांगलं बोलले. गिरजाचं घर सांगितलं, लेकराचे डोळे सांगितले — आणि मग पदराआडून टाक काढून वर धरला. म्हणाले, तिनं आपल्या हातानं हा मला दिला. ती म्हणाली, आता मला ह्याचं काम न्हाई. लोक उभे राहिले. गाणं सुरू झालं. मास्तरांचे डोळे भरून आले. ते भले माणूस होते, त्यांना शंका का यावी? माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो सुखाचा होता. बोर्डिंग चालवणाऱ्या गोऱ्या मडमबाईंनी टाक हातात घेतला, रुमालात बांधला आणि आपल्या देशातल्या मंडळीला दाखवायला पाठवून दिला. समुद्रापलीकडं. मग तर परत देण्याचाही रस्ता उरला नाही — आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी मी नर्स होते. पटकीची लस टोचायला त्या बाजूला पाठवलं, आणि ते गाव माझ्याच यादीत आलं. लिंबाखाली एका म्हाताऱ्याला गिरजाबद्दल विचारलं. तो म्हणाला, तिनं घरचा देव हरवला. त्याच साली मेंढरांत रोग आला. सासूनं तिला घरात ठेवली न्हाई. नवऱ्यानं कुरुंद्याला भावाच्या दारात सोडली आणि दुसरी केली.

मी कुरुंद्याला गेले. या वेळी ठरवून गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते, आणि — तुम्हाला नवल वाटेल — मन पुन्हा तसंच उचंबळून आलं होतं. आता सांगणार, आता सुटणार!

ती भावाच्या अंगणात हळद निवडत होती. हात कोपरापर्यंत पिवळे, केस पिकायला लागलेले. मला बघताच उठली. ओळखलं! लेकीला हाक मारली — "अगं, ये! ह्याच त्या ताई. तुझे डोळे ह्यांनी वाचवले." अकरा-बारा वर्षांची ती पोरगी माझ्या पाया पडली. भावजयीनं कपाळाला आठी घातली, तरी गिरजानं चहा मांडलाच. एवढ्या लांबून कुणी तिला बघायला आलं नव्हतं म्हणे.

मी तोंड उघडणार तोच तीच म्हणाली, "ताई, तवा मी तुमाला इचारायला आले, मला त्याची लई लाज वाटती. मीच येंधळी. भिंती सारवायला काढल्या व्हत्या, मातीच्या पाटीत माझ्याच हातानं गेला असंल देव. लई वर्सं इचार केला, तवा ध्यानात आलं. माझ्याच हातून झालं, न्हाई का?"

ती माझ्याकडं बघत होती. मला वाक्यं पाठ होती. घाईही कुणाला नव्हती.

मी म्हणाले, "असंल."

तिनं मान हलवली. मी चहा प्यायले, तिला आणि तिच्या लेकीला लस टोचली, आणि निघाले. पुन्हा कधी गेले नाही.

देव मी घेतला होता. गिरजाच्या हातून काहीच हरवलं नव्हतं.