वायर लावून पाह्यली का?

आमच्या शाळेच्या रिटायर झालेल्या बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, कुठलीही तक्रार सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "वायर लावून पाह्यली का?" मिक्सर फिरत नाही, टीव्हीला चित्र नाही, मोबाईल चार्ज होत नाही, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा मी सहज म्हणाले, "बाबू, आज डोकंच चालत नाही हो," तर चष्म्यावरून बघत त्यांनी मलाही तेच विचारलं! आणि गंमत म्हणजे, हा माणूस उभ्या नोकरीत एकदाही वायर लावून बघायला खुर्चीवरून उठला नव्हता.

नोकरीत असताना पिंपळगाव राजात त्यांना सगळे 'निर्लेखनबाबू' म्हणायचे. शाळेची वस्तू बिघडली की ते नाकाला रुमाल लावून भांडारखोलीच्या दारात उभे राहत, आत पाऊलही न टाकता डेडस्टॉक रजिस्टरात लाल शाईने 'निकामी' लिहीत आणि खाली झोकदार सही ठोकत, की वस्तू गेली भंगारात. वस्तूवर पांढऱ्या रंगाने घातलेले नंबरही त्यांच्याच हाताचे, मोत्यासारखे. नंबर घालायचे त्यांनी आणि निर्लेखन करून, म्हणजे कागदावरून, उडवायचेही त्यांनीच! मी नव्याने लागलेली कॉम्प्युटरची बाई. मला त्यांचा असा राग यायचा म्हणून सांगू!

मग ते रिटायर झाले आणि महिन्याभरात नवल घडलं. रद्दी घालायला भंगारवाल्याकडे गेले, तर तिथे पोत्यावर एक कॉम्प्युटर छान चालू! सीपीयूच्या डब्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगात त्यांच्याच हाताचा नंबर. दुसऱ्या दिवशी धापा टाकत शाळेत आले. "अवं मॅडम, डब्बा जित्ता होता वं! त्यानं नुसती वायर लावली अन् झाला चालू! जित्त्या डब्ब्याले मेला म्हणून सही केली मी!" डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर आनंद, दोन्ही एकदम. त्या दिवशी हा माणूस मला आवडून गेला.

त्याच सुमारास माझ्यावर गदा आली. शाळेला पत्र आलं: तपासणीच्या दिवशी बारा कॉम्प्युटर चालू दिसले नाहीत, तर विषय बंद. विषय बंद म्हणजे माझी जागा बंद. आणि चालू होते किती? तीन! मी बाबूंच्या ओसरीवर जाऊन चक्क रडले.

"काऊन रडून राह्यली वं? माह्या नंबरचे अजून अकरा भंगारात पडेल हायेत," ते म्हणाले. "आणू न्!"

आणि रीतसर पावती करून त्यांनी ते अकराही घरी आणले; चालू झालेला पहिला तेवढा भंगारवाल्याने स्वतःलाच ठेवून घेतला.

मग काय धमाल सांगू! आयुष्यभर कागदावर चालवलेलं खोडरबर आता बाबू मेमरीच्या पट्टीच्या काळवंडलेल्या काठावर घासत, आणि मुका डबा खरंच बोलायला लागे. पंख्यातली धूळ ते दाढीच्या ब्रशने काढत. पॉवर सप्लाय आले धामणगाव बढ्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून, मॉनिटर अमडापूरच्या बाजारातून, माऊस कोणाकोणाच्या माळ्यावरून. जुन्या मशीनला झेपेल अशी हलकी, फुकटातली सिस्टीम टाकायचं काम माझं. पडद्यावर उजेड आला की बाबू "चालू! चालू!" असे ओरडत की त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तव्यावरची पोळी तशीच सोडून धावत यायच्या. दोन डबे खरोखरच मेलेले निघाले. त्यांचे भाग काढून आम्ही बाकीच्यांना लावले. नऊ उभे राहिले. नऊ आणि तीन, बारा!

तपासणीला साहेब आले तेव्हा बाराही पडदे उजळलेले, मुलं टकाटक टाइप करतायत. साहेब खूश. मग त्यांनी रजिस्टर मागवलं, एकेक नंबर जुळवला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे नऊ तर निर्लेखित आहेत. कागदावर नाहीतच. मी मोजू कसे?" एवढी मेहनत केली, आणि कागदाचं भान मला राहिलंच नव्हतं!

तपासणी बघायला मागच्या बाकावर येऊन बसलेले बाबू उठले. पिशवीतून त्यांनी भंगारवाल्याची पावती काढली आणि सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेला एक अर्ज. "सदर नऊ संगणक निकामी असल्याचा अभिप्राय मी न तपासता दिला होता. तो चुकीचा होता. हे संगणक आता माझ्या मालकीचे असून मी ते शाळेस देणगी देत आहे." खाली तीच झोकदार सही. कारकुनाने आपली चूक लेखी कबूल केलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "बडे बाबू, असं कोणी लिहून देतं का?"

"साहेब, या नऊसाठी नऊ डाव खोटी सही केली हाये. एक डाव खरी करू द्या."

साहेबांनी त्याच वेळी देणगी म्हणून नऊ नव्या नोंदी घालायला लावल्या आणि बाराच्या बारा मोजले. माझी जागा वाचली! "आता तुम्ही निर्लेखनबाबू नाही, पुनर्लेखनबाबू!" मी भर वर्गात ओरडले, आणि ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

त्यानंतर दर शनिवारी ते शाळेच्या फाटकातूनच विचारत, "किती चालू?" आणि मी खिडकीतून सांगत असे, "बाराही!"

गेल्या उन्हाळ्यात ते खामगावला दवाखान्यात होते. मला बघताच नाकात नळी असताना विचारलं, "किती चालू?"

"तेरा!" मी ऐटीत म्हणाले. "तेरावा मी एकटीने केला."

ते हसले. "दवाखान्यात तेरावा-बिरावा नको म्हणू वं, तुह्या काकूले तेरवी आठवते. चौदावा करून सांग."

सांगायचं राहून गेलं. त्यांच्या तेरवीच्या जेवणावरून उठले ती तडक शाळेत आले आणि सगळ्यांनी मोडीत काढलेला, कपाटामागचा एक डबा उघडून बसले. खोडरबर त्यांचंच होतं, काकूंकडून मागून आणलेलं. पट्टी घासली, बसवली, वायर लावली. पडद्यावर उजेड आला! "चालू! चालू!" मी एकटीच ओरडले, आणि मग पोटभर रडून घेतलं. डोळे पुसून पांढरा रंग उघडला आणि डब्यावर नंबर टाकला, चौदा. अक्षर काही बाबूंसारखं आलं नाही, पण डबा चालू आहे.