गप्प बसलेला डिटेक्टर

ती घटना आठवायला मला कधी प्रयत्न करावे लागले नाहीत. विसरायला मात्र बरेच केले. नोकरी संपेपर्यंत केले, नंतरही केले, आणि शेवटी लिहायला बसलो.

मध्य प्रदेशात, इंदूर-धार रस्त्यावरच्या एका ठाण्यात तेव्हा मी टी.आय., म्हणजे ठाण्याचा प्रभारी होतो. पीथमपूरच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या, सोयाबीनच्या ट्रॉल्या आणि रविवारी मांडवला निघालेली इंदूरची हौशी मंडळी, सगळे आमच्या हद्दीतून जात. अपघात फार होत. म्हणून ठाण्याला एक स्पीड गन मिळाली होती. जुनी, रडारची, हातात धरायची. ती आल्यापासून गाड्या हळू जाऊ लागल्या आणि वरिष्ठांनी माझे लेखी कौतुक केले. ते कौतुक पुढे फार महाग पडले.

प्रत्येक ठाण्याला एक खबऱ्या असतो. आमचा खबऱ्या ठाण्यासमोरच पोहे-जलेबीचा ठेला लावी आणि खबर द्यायची असली की रस्त्याच्या पलीकडून ओरडे, "टीआय साब, एक गुप्त बात है." त्या दिवशीही तो असाच ओरडला. दर रविवारी एक पिवळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार मांडवकडे सुसाट जाते. चालवणारा पीथमपूरच्या एका कारखानदाराचा मुलगा. ठेल्यावर पोहे खाताना तो सांगत होता की त्याच्या गाडीत अशी डबी आहे, जी पोलीस कुठे बंदूक धरून उभे आहेत ते लांबूनच सांगते.

"डबी नाही, रडार डिटेक्टर म्हणतात त्याला," मी म्हणालो.

"जो भी हो साब. बोल रिया था, पुलिस को तो मैं दूर से सूँघ लेता हूँ."

असले बोलणे पोलिसाला झोंबते. पुढच्या रविवारी आम्ही सापळा लावला. दूध डेअरीच्या पाटीआड माझा प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, बंदूक धरून उभा राहिला. आयुष्य रस्त्यावर काढलेला, पोट पुढे, मिशा त्याहून पुढे. पिवळी गाडी आली, त्याने नेम धरला आणि पुकारले, "एक सौ बारह, साहब." आम्ही गाडी थांबवली. मुलाने मुकाट्याने चालान भरले, पण तो आमच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर समोरच्या काचेला चिकटवलेल्या डबीवर होती. लग्नात ऐनवेळी न आलेल्या मामाकडे बघावे तशी.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात हजर.

"सर, रिपोर्ट लिखवानी है. मेरे साथ धोखा हुआ है."

"किसने किया?"

त्याने डबी टेबलावर ठेवली. "देवास के एक दुकानदार ने. ये आपकी स्पीड गन पकड़ने के लिए ली थी. इसने पकड़ी ही नहीं."

मी म्हणालो, "यानी तुम पुलिस से बचने का सामान लाए, वो चला नहीं, और शिकायत करने पुलिस के पास आए."

"सर, मैं कंज़्यूमर हूँ."

ठाण्याच्या मुंशीने लेखणी खाली ठेवली. "साहब, घटनास्थल क्या लिखूँ? अपना ही नाका?"

तेवढ्यावर मी त्याला हाकलायला हवे होते. पण त्याच्या वडिलांचा फोन वरून फिरून आला. शिवाय असली यंत्रे विकणारा सापडला तर बरेच, असाही विचार केला. फसवणुकीचा अर्ज घेतला आणि दुकानदाराला बोलावणे धाडले.

तो देवासहून स्वतःच स्कूटरवर आला, वॉरंटी कार्ड घेऊन. चाळिशीचा, किरकोळ बांध्याचा. आडनाव ऐकून मी मराठीत विचारले, "कुठले तुम्ही?"

"देवासचेच, साहेब. थोरल्या पातीच्या संस्थानातले. आमचे लोक राजाच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे गेले, आता मी गाड्यांचे सीट कव्हर शिवतो."

सीट कव्हरांबरोबर तो गाड्यांचे इतर सामानही विकत असे. देवास पोलिसांकडे चौकशी केली तर वेगळेच कळले. गावात कुणी जुनी गाडी घ्यायची असली की आधी याच्याकडे आणतो. हा पायाखालची मॅट उचलतो, कधी पाणी शिरले होते का त्याचा वास घेतो, सीटखाली हात घालतो आणि म्हणतो, "घ्या" किंवा "सोडा". त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. विकणाराही नाही. त्याचा शब्द हीच त्याची खरी कमाई होती. हे मला तेव्हाच ठाऊक होते, म्हणून आज लिहून ठेवतो.

चौकशीत मी आवाज चढवून विचारले, "काय सांगून विकलंत?"

"जे आहे ते सांगितलं, साहेब. तीन डब्या दाखवल्या. सस्तीवाली आपोआप उघडणाऱ्या प्रत्येक दाराला लांबूनच ओरडते, कारण त्या दारांतही रडार असतं; मॉलपुढून गाडी नेणं मुश्किल. बीचवाली ठीक. महागवाली रडारही पकडते, लेझरही. पण मी म्हटलं, भिया, लेझरची बंदूक असेल तर डबी बोलेपर्यंत तुमचा आकडा लागलेला असतो. त्यापेक्षा पाय हलका ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत."

"मग त्याने कोणती निवडली?"

"ज्याची बत्ती त्याच्या सीटच्या शिलाईला मॅच होती ती. लाल. नशिबानं तीच चांगली निघाली."

"चांगली? मग आमची बंदूक का नाही पकडली?"

"साहेब, ही डबी समोर काही असेल तरच बोलते. समोर काही नसेल तर गप्प बसते. गप्प बसणं हेही तिचं कामच."

मला तो उद्धटपणा वाटला. मी जाहीर चाचणी ठरवली. रस्त्यावर, पंचांसमक्ष. गाडी दोन सीटची, त्यामुळे मुलाशेजारी एकच पंच बसू शकत होता. ऐनवेळी मिळाला तो आमचा पोहेवालाच. खबऱ्यालाच पंच करू नये हे मला माहीत होते, पण रविवारी पंच मिळणे किती कठीण असते ते पोलिसाला विचारा. तो त्या बुटक्या गाडीत कसाबसा शिरला. गाडी बंदुकीसमोरून तीनदा धावली. डबी एकदाही बोलली नाही. नंतर पोहेवाल्याला बाहेर ओढायला दोन आरक्षक लागले. बाहेर येताच त्याने जमलेल्या गर्दीला सांगितले, "एकदम गूँगी है, साब. कसम से."

गर्दी हसली. दुकानदार हसला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, एकदा तुमच्या बंदुकीकडे पण बघा ना."

"आरोपीने पोलिसांचं साधन तपासायचं नसतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो.

"बरं. मग डबी एखाद्या इस्पितळाच्या आपोआप उघडणाऱ्या दारापुढे अगदी जवळ न्या. तिथे नाही बोलली तर मला आत टाका."

त्याला कायमचा गप्प करावा म्हणून मी दुपारी खरोखरच ती डबी जीपमध्ये लावून इंदूरच्या वाटेवरच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. जीप दारासमोर लावली, दार सरकले आणि डबी अंडे घालणाऱ्या कोंबडीसारखी ओरडू लागली. दार बंद झाले की गप्प, उघडले की कलकलाट. दरवान धावत आला. "साहब, बम तो नहीं है?"

बॉम्बच होता, पण माझ्या ठाण्यासाठी.

ठाण्यात येऊन मी बंदूक मागवली, खोलीचे दार लावले आणि कळ दाबली. काही नाही. मागची काच काळी ठिक्कर. बॅटरी बदलली. काही नाही. मग प्रधान आरक्षकाला बोलावले. नोकरीत मी पुष्कळ चौकशा केल्या, पण इतक्या लवकर कबुली देणारा माणूस पाहिला नाही.

"बरसात में जीप के बोनट पे रह गई थी, साहब. तब से बंद है."

"बरसात जाऊन किती दिवस झाले. दुरुस्तीला का नाही पाठवली?"

"काग़ज़ भेजा था साहब, ऊपर अटका है."

"आणि एक सौ बारह? तो आकडा कुठून आला?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "आवाज़ से, साहब. पूरी ज़िंदगी सड़क पर निकल गई. गाड़ी की आवाज़ सुन के बता देता हूँ."

"आणि मी शेजारी उभा होतो तेव्हा?"

"आप तो गाड़ी को देखते हैं साहब. बंदूक को कौन देखता है?"

यात माणसांबद्दल शिकण्यासारखे बरेच होते. मेलेल्या बंदुकीने रस्त्यावरचा वेग खरोखर कमी केला होता, कारण लोक ती दिसताच आपणच ब्रेक दाबत. पण पावसाळ्यापासून फाडलेले प्रत्येक चालान म्हणजे एका मिशाळ माणसाचा अंदाज होता. माझे कौतुकही त्याच अंदाजावर उभे होते. आणि वरिष्ठांची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती.

तेव्हा मी काय केले ते सरळ सांगतो. बंदूक "नुकतीच बिघडली" असे दाखवून बदलून घेतली. दुकानदाराला बोलावून म्हणालो, "प्रकरण वाढवायचं नाही. डबी परत घ्या, पैसे परत करा, माल सदोष होता असं लिहून द्या आणि मोकळे व्हा."

"माल सदोष नव्हता, साहेब. तुम्ही दारापुढे नेली होती ना?"

मी म्हणालो, "कागदावर लिहायला काय जातं?"

त्याला सगळे कळले होते, आणि त्याला कळले आहे हे मलाही कळले होते. दुकान दोन दिवस बंद होते, घरी म्हातारे वडील होते. त्याने सही केली.

जाणार काय होते ते पुढे दिसले. पिवळ्या गाडीवाल्याने चाचणीचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला. नावासकट, दुकानासकट. देवासात लोक त्याला 'गूँगी डब्बीवाला' म्हणू लागले. सीट कव्हरे विकली जात राहिली, कारण शिलाई डोळ्यांना दिसते. पण जुनी गाडी दाखवायला कुणी येईना. माझी एक मावसबहीण देवासला राहते. तिच्या यजमानांनी स्कूटर घेतली तेव्हा मी विचारले, त्याला दाखवली का. ती म्हणाली, "छे रे दादा, तो तर चारसौबीस आहे. तुमच्याच ठाण्यात लिहून दिलंय ना त्यानं?"

हे वाक्य मी निवृत्तीनंतरही बरोबर वागवले. या वर्षी सौभाग्यवतीला सगळे सांगितले. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, मग मला काय सांगता? त्याला सांगा की."

म्हणून हे लिखाण घेऊन देवासला गेलो. टेकडीच्या पायथ्याच्या बाजारातले ते दुकान तिथेच होते. तो मशीनवर बसला होता, केस पांढरे झालेले. मी सगळे वाचून दाखवले. तो पाय न थांबवता शिवत राहिला. शेवटी विचारले, "यात माझं नाव कुठे आहे?"

"असल्या आठवणींत कुणाचंच नाव द्यायचं नसतं. तशी पद्धत आहे."

"वा. बदनामी नावानिशी, आणि माफी बिननावाची?"

देवासला निघण्याआधी मी प्रधान आरक्षकाला फोन केला होता. तोही निवृत्त झाला आहे. तो म्हणाला होता, "लिख दो साहब, बस मेरा नाम मत लेना." कारखानदाराच्या मुलाचे नाव मीच टाळले. या प्रकरणात नाव नको असलेली माणसे आम्ही सगळे, आणि नाव हवे असलेला तो एकटा.

कागदावरची पद्धत राहू दिली आणि मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. बाजाराचा दिवस होता. आयुष्यभर लोकांना "पांगा, पांगा" म्हणत आलो. "इकडे या" म्हणायची ती पहिलीच वेळ. पण म्हटले. त्याचे नाव घेतले, आडनाव घेतले, आणि बंदूक, बोनट, आवाज, दार, सही, सगळे सांगितले. डबी बरोबर होती, ठाणे खोटे होते, असे दोनदा सांगितले.

मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे साहेब, मांडवच्या वाटेवर माझं चालान फाडलं होतं ते पण आवाजावरूनच?"

"कधी?"

"त्याच साली. बहात्तरचा वेग लिहिला होता. माझी मोपेड, साहेब. उतारावरही चाळीसच्या पुढे जात नाही."

मग दुसरा पुढे आला, मग तिसरा. एकाला दंड परत हवा होता, एकाला व्याज. एक जण म्हणत होता की त्याचे चालान हेल्मेटचे होते, पण एवढे चाललेच आहे तर तेही बघावे. चालान भरलेल्यांच्या ज्या गर्दीच्या भीतीने मी सही घेतली होती, ती अखेर मला गाठून उभी होती. दुकानदाराने मशीन थांबवले, स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाला, "बसा साहेब. आता वेळ लागेल."

मी बसलो. प्रत्येकाचे ऐकून घेतले. तोवर मोपेडवाले गृहस्थ त्याच्याकडे वळून विचारत होते, "भिया, मुलगा एक सेकंडहँड गाडी घेतोय. बुधवारी आणू का?"

त्याने माझ्याकडे न बघता दोऱ्याचे टोक तोडले आणि म्हणाला, "आणा. पण सकाळी. उन्हात मॅटचा वास नीट कळत नाही."

या प्रकरणाने मला एकच गोष्ट शिकवली, आणि तीही फार उशिरा. कुणी गप्प बसला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला खोटे ठरवण्याआधी आपल्या हातातले साधन चालू आहे का, ते बघायला एक कळ दाबावी लागते. मी ती बंद दाराआड दाबली. रस्त्यावर, पंचांसमोर दाबायला हवी होती.